वही परक्याच्या कपाटात : 'क्लाउड' बंद पडल्यास दुकानदाराने काय करावे?

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे छोट्या व्यापारावर आणि हातच्या हुन्नरावर जगतात. कापडाचे दुकान, शिवणकाम, बेकरी, गॅरेज, हार्डवेअर, फळांची गाडी, मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग हे आपले धंदे. या धंद्यांच्या हिशेबाची सर्व साधने पूर्वी दुकानातच असत. कीर्द, खतावणी, बिलबुक, मापांची वही आणि गल्ला. शटर ओढून कुलूप लावले की सगळे आत सुरक्षित.

आज चित्र बदलले आहे. बिल मोबाइलवर बनते, उधारी ॲपमध्ये लिहिली जाते, मालाची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पैसे क्यूआर कोडवर जमा होतात आणि जीएसटीचे विवरणपत्र इंटरनेटवर भरावे लागते. या साऱ्या वह्या आता दुकानात नसून दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांत ठेवलेल्या असतात. या व्यवस्थेलाच 'क्लाउड' म्हणजे ढग असे नाव आहे.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. मोबाइल हरवला तरी हिशेब हरवत नाही. मालक गावी गेला तरी विक्री पाहू शकतो. परंतु ही व्यवस्था अधूनमधून बंद पडते आणि त्या वेळी गल्ल्यावर बसलेला माणूस गोंधळून जातो. आमचे सांगणे एवढेच आहे की, सेवा बंद पडणे आपल्या हाती नसले तरी ती बंद पडली आहे हे पाच मिनिटांत ओळखणे आणि तेवढ्या काळात हिशेब हातातून सुटू न देणे हे आपल्या हाती आहे. छोट्या दुकानदाराचे नुकसान बहुधा बंदपेक्षा गोंधळात होते. ग्राहक दोनदा पैसे पाठवतो, कोणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन जातो, घाईत दिलेली उधारी लिहायची राहते. म्हणून या विषयाची माहिती सविस्तर देत आहोत.

ढग जमिनीवरच असतो

नाव ढग असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांना अखंड वीज, थंड हवा आणि जाड केबलचे जाळे लागते. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या भागात अशी अनेक डेटा सेंटर आहेत. ॲमेझॉन कंपनीने आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ साली सुरू केला. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांचेही भारतात असे विभाग आहेत.

आपण ज्या कंपनीचे बिलिंग ॲप वापरतो, तिची स्वतःची अशी इमारत बहुधा नसते. ती या मोठ्या कंपन्यांकडून जागा भाड्याने घेते. म्हणजे आपण भाडेकरूचे भाडेकरू. एका डीपीवर सारा मोहल्ला जोडलेला असावा आणि डीपी उडाल्यावर सर्वांच्या घरी अंधार व्हावा, तसे इथे होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला एखादी यंत्रणा बिघडली, तर आपल्या बाजारातले ॲपही थांबू शकते.

बंद का पडतो?

अनेकांना वाटते की, असे काही झाले म्हणजे कोणीतरी हल्ला केला असणार. अनुभव निराळा आहे. पुढील उदाहरणे पाहावीत.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉनची साठवणुकीची सेवा सुमारे ४ तास बंद राहिली. बिल आकारणीची यंत्रणा संथ झाली म्हणून एक कर्मचारी काही थोडे संगणक बाजूला काढत होता. आज्ञा लिहिताना चूक झाली आणि हवे त्यापेक्षा पुष्कळ अधिक संगणक निघाले. त्यांतील मुख्य यंत्रणा कित्येक वर्षांत कधी पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलेल्या नव्हत्या, म्हणून त्या उठायलाही वेळ लागला.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच व्हर्जिनिया विभागात पुन्हा मोठा बिघाड झाला. भारतात तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते. इंटरनेटवर कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगणारी एक नोंदवही असते. ती सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रोग्रामांचे काम एकमेकांवर आदळले आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या पत्त्याची नोंद कोरी झाली. माल गोदामात जागच्या जागी होता, पण गोदामाचा पत्ताच पुसला गेला. मूळ दोष अडीच-पावणेतीन तासांत दूर झाला. मात्र तुंबलेली कामे मार्गी लागून सर्व सुरळीत व्हायला मध्यरात्र उलटून गेली.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची पाळी आली. ही कंपनी अनेक संकेतस्थळांच्या दारावर पहारेकऱ्याचे काम करते. तिच्या यंत्रणेतील एका फाइलचा आकार अचानक दुप्पट झाला आणि ती फाइल वाचणारा प्रोग्राम कोसळला. कंपनीच्या लोकांनाही सुरुवातीला हा हल्लाच वाटला होता. भारतीय वेळेप्रमाणे सायंकाळी पाचच्या सुमारास सुरू झालेला हा गोंधळ रात्री आठपर्यंत बराचसा निवळला.

अर्थात हल्लेही होतात. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्याची शक्यता पुढे आली. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवते. संसर्ग इतरत्र पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने म्हणजे एनपीसीआयने तिला तात्पुरते वेगळे काढले आणि देशातील सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. आपल्या पुष्कळ व्यापाऱ्यांची खाती सहकारी बँकांत असतात, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेवटचे उदाहरण आगीचे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची एक पाच मजली इमारत जळून खाक झाली. प्राणहानी झाली नाही. पण ज्या ग्राहकांची मूळ माहिती आणि तिची राखीव प्रत अशा दोन्ही गोष्टी त्याच इमारतीत होत्या, त्यांचे दोन्ही गेले.

या उदाहरणांतून धोक्याचे दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात वही शाबूत असते, फक्त तिच्याकडे जाणारा रस्ता काही तास बंद होतो. दुसऱ्या प्रकारात वहीच जळते. पहिला प्रकार वारंवार घडतो, दुसरा क्वचित. पहिल्यावर उपाय म्हणजे तेवढे तास काढण्याची तयारी. दुसऱ्यावर उपाय म्हणजे वहीची प्रत आपल्या घरी. दोन्हींची गल्लत करू नये.

मोठ्या कंपन्या पहारा कसा ठेवतात?

मोठ्या कंपन्यांत एक प्रोग्राम दर मिनिटाला वेगवेगळ्या शहरांतून सेवेचे दार ठोठावतो. उत्तर आले तर ठीक. लागोपाठ दोन-तीन वेळा उत्तर आले नाही किंवा फार उशिरा आले, की ज्याची पाळी असेल त्या अभियंत्याचा फोन वाजतो, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. अशा वेळी कोणी काय करायचे हे आधीच लिहून ठेवलेले असते. सेवा पूर्ववत झाल्यावर काय चुकले याचा अहवाल लिहिला जातो आणि पुष्कळदा तो जाहीरही केला जातो. वर दिलेली कारणे अशाच अहवालांतून जगाला समजली.

ग्राहकांसाठी या कंपन्या एक स्थितिफलक ठेवतात. सेवा चालू असेल तर हिरवी खूण, अडचण असेल तर पिवळी, बंद असेल तर लाल. हा फलक उपयोगी आहे. पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २०१७ च्या त्या बिघाडात ॲमेझॉनच्या फलकावर बराच वेळ हिरव्याच खुणा होत्या. कारण असे की, फलक बदलण्याची सोयही बंद पडलेल्या त्याच सेवेवर अवलंबून होती. डाउनडिटेक्टर नावाचे एक संकेतस्थळ लोकांच्या तक्रारी मोजते आणि नेहमीपेक्षा तक्रारी फार वाढल्या की बिघाड असल्याचे दाखवते. परंतु १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तेही बंद पडले, कारण त्याच्या दारावरही क्लाउडफ्लेअरचाच पहारा होता.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे ६ तास बंद होते. भारतात रात्री सव्वानऊच्या सुमारास सुरू झालेली ही बंदी पहाटेपर्यंत चालली. देखभालीच्या कामातील एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळे तुटले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर होती, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जाऊन काम करावे लागले.

यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा सोपा आहे. पहारेकरी एकच नसावा आणि तो त्याच छपराखाली झोपणारा नसावा. तुमचे बिल, उधारी, पुरवठादारांचे नंबर आणि त्यांच्याशी बोलण्याचे साधन हे सारे एकाच मोबाइलमध्ये, एकाच सिमवर असेल, तर एका बिघाडात चारही गोष्टी जातील.

दोष आपला की त्यांचा? पाच मिनिटांची तपासणी

ॲप उघडेना किंवा पैसे जमा होईनात, तर पुढील क्रमाने पाहावे.

पहिले, मोबाइलवर एखादे बातम्यांचे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष आपल्या नेटवर्कचा आहे. वायफाय असेल तर बंद करून मोबाइल डेटा लावावा. दोन सिम असतील तर दुसऱ्या कंपनीचे सिम वापरावे.

दुसरे, नेट चालू आहे पण ॲप चालत नाही, तर दुकानातील दुसऱ्या मोबाइलवर तेच ॲप उघडून पाहावे. तिथे चालत असेल तर दोष तुमच्या मोबाइलचा.

तिसरे, शेजारच्या दुकानात विचारावे. हा पहारा फुकटचा आहे आणि सर्वांत भरवशाचा आहे. मात्र विचारताना नेमके विचारावे की त्यांचे ॲप कोणते आणि बँक कोणती. तुमच्याच ॲपवाल्यांची अडचण असेल तर दोष ॲपच्या कंपनीचा; एकाच बँकेच्या खातेदारांची असेल तर बँकेचा; सर्वांचीच असेल तर दोष वरच्या पातळीवर आहे आणि थांबण्यावाचून इलाज नाही.

चौथे, कंपनीचा स्थितिफलक आणि डाउनडिटेक्टर असे दोन्ही पाहावेत. दोन निराळ्या ठिकाणी एकच गोष्ट दिसली तर ती खरी मानावी.

पाचवे, घड्याळ पाहून कागदावर वेळ लिहावी : 'सायंकाळी ७.१० पासून बंद.' पुढे हिशेब जुळवताना आणि तक्रार करताना ही एक ओळ फार कामी येते.

या काळात काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ॲप काढून पुन्हा टाकू नये, त्यातील डेटा पुसू नये, लॉगआउट होऊ नये. ज्या नोंदी अजून क्लाउडवर पोहोचलेल्या नसतात, त्या फक्त तुमच्या मोबाइलमध्ये असतात. ॲप काढले की त्या गेल्या. शिवाय सेवा बंद असताना लॉगआउट झालात तर पुन्हा आत जाता येईलच असे नाही.

बंद काळात गल्ल्यावर

२६ मार्च २०२५ ची सायंकाळ अनेकांना आठवत असेल. रमजानचा पंचविसावा रोजा होता. इफ्तार आटोपून ईदच्या खरेदीला बाजार भरण्याची वेळ आणि नेमके तेव्हाच देशभर यूपीआयचे व्यवहार अडकू लागले. पुढे १२ एप्रिलला, शनिवारी दुपारी, पुन्हा कित्येक तास तीच स्थिती झाली. यूपीआय ही काही क्लाउड कंपनी नव्हे. ती एनपीसीआयची व्यवस्था आहे. पण दुकानदाराच्या दृष्टीने परिणाम सारखाच.

१२ एप्रिलच्या बिघाडाचे कारण बोलके आहे. 'या व्यवहाराचे काय झाले?' अशी चौकशी काही बँकांच्या यंत्रणा पुन्हा पुन्हा इतक्या वेळा करत राहिल्या की, त्या चौकशांच्या ओझ्यानेच मूळ व्यवस्था गुदमरली. त्यानंतर एनपीसीआयने नियम घातला की, बँकेने पहिली चौकशी व्यवहारानंतर ९० सेकंद थांबूनच करावी आणि ती दोन तासांत तीनदाच करता येईल. जो नियम बँकांना, तोच आपल्यालाही लागू पडतो. व्यवहार अडकला की ग्राहकाला लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवायला सांगू नये. निदान दीड-दोन मिनिटे थांबावे. घाईत दोनदा पैसे गेले, तर परतफेडीचा वाद दुकानाच्या दारात येतो.

पैसे आले की नाही याचा पुरावा एकच, तो म्हणजे आपल्या बँक खात्यातील नोंद. ग्राहकाच्या मोबाइलवरचे चित्र हा पुरावा नाही. आवाजाचा डबा बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असेही नाही, कारण त्या डब्यातही सिम असते आणि तेही अडकू शकते. मात्र खात्री होईपर्यंत ग्राहकाला खोटे ठरवू नये. त्याच्या खात्यातून पैसे खरोखर वजा झालेले असू शकतात. शांतपणे सांगावे, 'साहेब, व्यवस्था अडकली आहे. तुमचे नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतो.'

मग इतर मार्ग पाहावेत. रोख रक्कम असेल तर उत्तम. त्यासाठी गल्ल्यात सुटे पैसे असायला हवेत. कार्डाचे मशीन असेल तर ते वेगळ्या जाळ्यावर चालते, चालण्याची शक्यता असते. घाऊक व्यापारात मोठी रक्कम असेल तर एनईएफटी करता येते. ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेची असून डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास चालू असते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला माल द्यावा, पण उधारी वहीत तारीख, वेळ, रक्कम आणि सहीसह लिहावी. अनोळखी ग्राहकाचा माल बांधून त्यावर नाव लिहून बाजूला ठेवावा.

बिलाचेही तसेच. छापील बिलबुक नेहमी दुकानात असावे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात, पण एकापेक्षा अधिक मालिका चालतात. म्हणून हाताने लिहायच्या बिलांची वेगळी मालिका ठेवावी, म्हणजे ॲपमधील क्रमांकांशी गोंधळ होणार नाही. आपल्या कर सल्लागाराला ही मालिका आधीच कळवून ठेवावी. माल बाहेरगावी पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ई-वे बिलासाठी १ जुलै २०२५ पासून दुसरे पोर्टलही सुरू झाले आहे. दोन्ही पोर्टल एकमेकांशी जोडलेली आहेत. एक अडले तर दुसरे पाहावे. विवरणपत्र शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नये. जानेवारी २०२५ मध्ये जीएसटीचे पोर्टल ऐन मुदतीच्या तोंडावर बंद पडले आणि सरकारने मुदत वाढवून दिली, हे खरे. पण दर वेळी तसे होईल या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

कागदाला कमी लेखू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलमुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. त्या दिवशी आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. विमान कंपन्या पेन आणि कागदावर वेळ निभावू शकतात, तर आपल्या दुकानाला त्यात कमीपणा कसला?

सेवा सुरू झाल्यावर

सेवा परत आली की सर्वजण एकदम नोंदी करू लागतात आणि तिथे दुसरा गोंधळ होतो. कागदावरील नोंदी ॲपमध्ये उतरवण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे. उतरवलेल्या प्रत्येक नोंदीपुढे खूण करावी. त्याच रात्री बँकेचे खाते काढून अडकलेले व्यवहार एक एक करून जुळवावेत. कोणाचे पैसे दोनदा आले असतील तर त्याला स्वतःहून फोन करून परत करावेत. अशा एका फोनने दुकानाची जी पत वाढते, ती जाहिरातीने वाढत नाही.

अडकलेल्या पैशांबाबत रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा नियम माहीत असावा. ग्राहकाने दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले, त्याच्या खात्यातून ते वजा झाले, पण दुकानात खातरजमा पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत व्हायला हवेत. एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत, तर ही मुदत १ दिवसाची आहे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. ग्राहकाला हे समजावून सांगितले, तर निम्मी भांडणे टळतील.

याच काळात ठगही सक्रिय होतात. क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणात 'दुरुस्ती करून देतो' म्हणणारी बनावट संकेतस्थळे लगेच उभी राहिली होती. आपल्याकडे 'अडकलेले पैसे परत देतो, फक्त पिन टाका' असा फोन येऊ शकतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या मुलालाही पढवून ठेवावे. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी.

करारातील हमीचा अर्थ

क्लाउडची कंपनी '९९.९ टक्के सेवा चालू राहील' अशी हमी देते. ऐकायला हे जवळजवळ पूर्ण वाटते. हिशेब मांडून पाहू. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. त्यातील एक हजारावा भाग म्हणजे सुमारे ४३ मिनिटे आणि वर्षाला पावणेनऊ तास. एवढा वेळ सेवा बंद राहिली तरी कंपनीने शब्द मोडला असे होत नाही. ती ४३ मिनिटे मंगळवारी सकाळी आली तर कोणाला कळणारही नाही. चाँदरात्रीला आली तर वर्षाचा धंदा हलेल.

हमी मोडली तरी भरपाई म्हणून बहुधा पुढील बिलात थोडी सूट मिळते. समजा, तुम्ही ॲपसाठी महिन्याला ५०० रुपये भरता आणि १० टक्के सूट मिळाली, तर हाती आले ५० रुपये. बुडालेल्या विक्रीची भरपाई त्यात नसते. म्हणून ॲप घेताना किमतीबरोबर तीन प्रश्न विचारावेत. नेट नसताना बिल बनते का? सर्व हिशेब एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढता येतो का? अडचण आली तर फोनवर बोलणारा माणूस आहे का? तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील, तर ते ॲप फुकट मिळाले तरी महाग आहे.

आजच करून ठेवण्याच्या गोष्टी

पुढील यादी कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावावी.

१. दर आठवड्याला एक वार ठरवून उधारीची यादी आणि मालाचा साठा ॲपमधून बाहेर काढावा. एक प्रत पेन ड्राइव्हवर घरी ठेवावी आणि उधारीची यादी छापून फाइलला लावावी. जाणकारांचा नियम असा की प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. स्ट्रासबर्गच्या आगीत ज्यांनी हा नियम पाळला होता, ते पुन्हा उभे राहू शकले.

२. काढलेली प्रत उघडते की नाही हे महिन्यातून एकदा उघडून पाहावे. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

३. दोन निराळ्या बँकांचे, शक्यतो दोन निराळ्या ॲपचे क्यूआर कोड ठेवावेत. खाते सहकारी बँकेत असेल तर दुसरे एखाद्या मोठ्या बँकेत असावे.

४. दोन निराळ्या कंपन्यांची सिम असावीत.

५. पुरवठादार, वाहतूकदार, बँक आणि ॲप कंपनी यांचे फोन नंबर डायरीत शाईने लिहावेत. व्हॉट्सॲप बंद असेल तेव्हा साधा फोन आणि एसएमएस हेच साधन उरते.

६. बिलबुक, उधारीची वही, दोन पेन आणि सुटे पैसे कायम गल्ल्यात असावेत.

७. बंद काळात कोणी काय करायचे ते ठरवावे. एकाने ग्राहक सांभाळावेत, एकाने नोंद करावी. वर्षातून एकदा, धंद्याची गर्दी सुरू होण्याआधी, अर्धा तास ॲप न वापरता दुकान चालवून पाहावे. कुठे अडते ते तेव्हाच कळेल.

शिवणकाम करणाऱ्या कारागिरांनी मापांबाबत विशेष काळजी घ्यावी. पैशाची नोंद बँकेत सापडते. पन्नास गिऱ्हाइकांची मापे दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. यंत्रमागवाल्यांनी सूत किती आले आणि कापड किती गेले याची चलने ॲपमध्ये चढवल्यावरही फाडून टाकू नयेत.

नव्या साधनांना घाबरून जुन्याच वाटेने जावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. क्लाउडमुळे छोट्या दुकानदाराला जी सोय मिळाली, ती पूर्वी मोठ्या पेढ्यांनाच परवडत असे. तिचा पुरेपूर लाभ घ्यावा. फक्त वहीत जे लिहिलेले असते ते सारे आपले एकट्याचे नसते, याची आठवण असावी. त्यात गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेले पैसे असतात, कारागिराची मजुरी असते, पुरवठादाराचे देणे असते. ही लोकांची अमानत आहे. ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवायला हरकत नाही, पण तिची एक नक्कल आपल्या घरी असलीच पाहिजे. ज्यांनी अजून ती काढलेली नाही, त्यांनी या आठवड्यात उधारीच्या यादीपासून सुरुवात करावी.